चुलीपर्यंत आलेलं सरकार

हे बोलणं रेडिओवर आम्ही दोन बुधवार मिळून केलं होतं. इथे ते एकत्र दिलं आहे, आणि वेळ संपल्यामुळे तेव्हा राहून गेलेलं काही मध्ये मध्ये घातलं आहे.

गेल्या महिन्यात आमच्या गटाच्या बैठकीला छतावरच्या सोलरची माहिती द्यायला एक साहेब आले होते. २०२४ च्या फेब्रुवारीत केंद्र सरकारने पंतप्रधान सूर्यघर योजना सुरू केली, तिची ही माहिती. एक किलोवॅटला ३०,००० रुपये अनुदान, दोनला ६०,०००, तीन आणि त्यापुढे ७८,०००. साहेब चांगलं समजावून सांगत होते. सगळं झाल्यावर "काही शंका?" म्हणाले. मागे भिंतीला टेकून बसलेल्या आजींनी विचारलं, "बिघडलं तर कोण येणार?"

साहेब म्हणाले, "आजी, हे सहसा बिघडत नाही."

"असं आमच्या गोबर गॅसच्या वेळीपण सांगितलं होतं," आजी म्हणाल्या.

सगळ्या हसल्या आणि बैठक उठली. पण आजींच्या परसात काय आहे ते आम्हाला ठाऊक होतं. चाळीस वर्षांपूर्वी सरकारी मदतीतून बांधलेली गोबर गॅसची टाकी आहे. दहा-बारा वर्षं तिच्यावर घरचा स्वयंपाक झाला. मग वरचा लोखंडी ड्रम गंजला, त्याला भोकं पडली. वेल्डिंगवाला तालुक्याहून यायला तयार नव्हता आणि नव्या ड्रमचे पैसे काही जुळले नाहीत. आता त्या खड्ड्यात पालापाचोळा टाकतात. बाजूच्या कट्ट्यावर रंगवलेला योजनेचा नंबर मात्र अजून वाचता येतो.

तेव्हापासून आम्ही पाच जणी शोधायला लागलो. आपल्या घरातल्या जळणासाठी, उजेडासाठी सरकारने मदत करायची, ही गोष्ट काही आजची नाही. साठ वर्षं होऊन गेली. एवढ्या वर्षांत पैसा कशावर गेला, मोजलं काय गेलं आणि आपल्या हातात काय राहिलं?

सुरुवात मुंबईपासून करावी लागते. १८९७ साली माटुंग्याच्या कुष्ठरोग्यांच्या वसाहतीत मैल्याच्या टाकीतला पेटणारा वायू गोळा करून वापरात आणला गेला होता. ज्यांना गावाने वेशीबाहेर काढलं, त्यांच्या वसाहतीत हे झालं, याचं आम्हाला फार नवल वाटलं. शेणावरचे प्रयोग मात्र बऱ्याच नंतर, १९३९ च्या सुमाराला दिल्लीच्या शेती संशोधन संस्थेत एस. व्ही. देसाई नावाच्या शास्त्रज्ञांनी केले. त्यांच्यापुढचा प्रश्न आपल्या आज्या-पणज्या रोजच सोडवत होत्या. शेणाच्या गोवऱ्या थापल्या तर रानाचं खत जातं, आणि शेण उकिरड्यात टाकलं तर चुलीचं जळण जातं. शेण बंद टाकीत कुजवलं तर त्यातून जळणही मिळतं आणि उरलेला काला खत म्हणून रानातही जातो. एका शेणाचे दोन उपयोग. गोष्ट एवढीच, पण ती घरात बसवता येईल अशी करायला आणखी वीस वर्षं गेली.

ते काम जशभाई पटेल यांनी केलं. जमिनीत विटांची विहीर, तिच्यावर उलटी घातलेली लोखंडाची मोठी टोपी. गॅस भरला की टोपी वर उचलते, वापरला की खाली बसते. गॅस किती शिल्लक आहे हे बाईला लांबूनच दिसतं. मुंबईत कार्यालय असलेल्या खादी आणि ग्रामोद्योग आयोगाने १९६१-६२ पासून ही टाकी देशभर न्यायला सुरुवात केली. थोडं अनुदान, थोडं कर्ज. सरकारी मदत चुलीच्या जवळ आली ती इथून.

आता जरा हिशेब मांडू. एक किलो ताज्या शेणातून साधारण ४० लिटर गॅस निघतो. चार-पाच माणसांच्या घराला रोज दोन घनमीटर गॅस लागतो. म्हणजे रोज ५० किलो शेण आणि तितकंच पाणी. गोठ्यात निदान चार-पाच मोठी जनावरं पाहिजेत. पाणी ५० लिटर, म्हणजे तीन-साडेतीन हंडे. अनुदानाच्या कागदावर विटा, सिमेंट, लोखंड, गवंड्याची मजुरी सगळं होतं. हे तीन हंडे कोण आणणार, त्याचा रकाना नव्हता. आमच्याकडे मार्चनंतर टँकर सुरू होतो. टँकरचं पाणी शेणात कालवायचं की भांड्यात भरायचं, हा प्रश्न ज्या घरात पडला, तिथे टाकी उन्हाळ्यात बंद पडली. आणि एकदा शेण वाळून घट्ट बसलं की पावसाळ्यात ती पुन्हा सुरू करायला सगळी उपसावी लागते. ते काम करायला सहसा कोणी पुढे येत नाही.

आणखी एक बाब. ज्यांच्याकडे जनावरंच नाहीत त्यांचं काय? पूर्वी रस्त्यावरचं, माळावरचं शेण गोळा करून गोवऱ्या थापणाऱ्या भूमिहीन बाया गावोगाव होत्या. शेणाला गॅसची किंमत आली तसं गोठेवाला शेण सांभाळून ठेवायला लागला. गोबर गॅसवर त्या काळी जी टीका झाली तिच्यात हा मुद्दा ठळक होता. ज्याच्याकडे आहे त्याला अनुदान, आणि जिच्याकडे नाही तिची पाटी रिकामी. आम्हाला ही टीका खरी वाटते, म्हणून इथे मुद्दाम सांगतो.

या सगळ्याला वेग आला तो मात्र शेणामुळे नाही, तेलामुळे. १९७३ च्या ऑक्टोबरात अरब देशांनी तेल अडवलं. पिंपामागे तीन डॉलरच्या आसपास असलेला भाव काही महिन्यांत बारा डॉलरच्या जवळ गेला. १९७९ नंतर तो पुन्हा चढला. आपला देश तेल बाहेरून आणणारा. रॉकेलच्या रांगा आमच्या सासवांना आठवतात. तेव्हा दिल्लीला जाणवलं की खेड्यातली चूलसुद्धा देशाच्या तिजोरीशी बांधलेली आहे. १९८१ साली ऊर्जेच्या जादा साधनांसाठी एक आयोग नेमला गेला. त्याच सुमारास, १९८१-८२ मध्ये, राष्ट्रीय बायोगॅस प्रकल्प सुरू झाला. १९८२ मध्ये अपारंपरिक ऊर्जेचं वेगळं खातं झालं, १९९२ मध्ये त्याचं मंत्रालय झालं आणि २००६ मध्ये त्याला नवीन आणि नवीकरणीय ऊर्जा मंत्रालय असं नाव मिळालं. आपल्या राज्यात महाऊर्जा ही संस्था १९८५ ची, पुण्याची.

या काळात टाकीचं रूपही पालटलं. लोखंडी टोपी महाग पडायची, दरवर्षी रंगवावी लागायची, आणि नाही रंगवली तर आजींच्या ड्रमसारखी गत व्हायची. १९८४ मध्ये दीनबंधू नावाची टाकी आली. ती पूर्ण जमिनीत, विटांच्या घुमटाची, लोखंडाशिवायची. खर्च कमी आणि गंजायला काही नाही. पण घुमट बांधणारा गवंडी तयार असावा लागतो. एक बारीक चीर राहिली तरी गॅस निसटतो. आमच्या भागात अशा दोन टाक्या पाहिल्या. एक तीस वर्षं चालू आहे. दुसरी पहिल्या वर्षीच गळाली. दोन्हींचं अनुदान सारखंच होतं. फरक गवंड्याचा.

पुणे जिल्ह्यात देहूला डॉ. सुहास मापुसकर होते, त्यांच्याबद्दल थोडं सांगतो. प्राथमिक आरोग्य केंद्रात डॉक्टर म्हणून आले आणि गावाचा संडासाचा प्रश्न हातात घेतला. संडासाला जोडलेली गॅसची टाकी घराघरांत नेण्याचं काम त्यांनी आयुष्यभर केलं. २०१७ साली त्यांना मरणोत्तर पद्मश्री मिळाली. संडासाच्या गॅसवर भाकरी भाजायची म्हटलं की आजही कितीतरी घरांत नाकं मुरडली जातात. सरकारने अशा जोडणीला थोडं जादा अनुदान ठेवलं, पण पैशाने किळस जात नाही. ज्या गावांत एखाद्या बाईने आधी आपल्या घरी चहा करून शेजारणीला पाजला, तिथे ती गेली. घरगुती बायोगॅसच्या बाबतीत आपलं महाराष्ट्र राज्य देशात सगळ्यांत पुढे आहे, आठ लाखांहून जास्त टाक्या बांधल्या गेल्या आहेत. बांधल्या गेल्या, असं आम्ही म्हणतोय. चालू किती, तो आकडा वेगळा.

आता चुलीकडे येऊ. खरं सांगायचं तर आम्हाला सगळ्यांत जास्त बोलायचं आहे ते याच्याबद्दल.

धूर कमी करणारी चूल ही कल्पनाही जुनी. वर्ध्याच्या मगनवाडीत जे. सी. कुमारप्पांच्या ग्रामोद्योग संघाने मगन चूल काढली. १९५० च्या दशकात हैदराबादला एस. पी. राजू नावाच्या इंजिनिअरनी धुराड्याची मातीची चूल तयार केली आणि गोरगरिबांचा स्वयंपाक धुराशिवाय व्हावा म्हणून तिचा प्रचार केला. पण धूर किती वाईट हे मोजलेलं नव्हतं. बाईचे डोळे चुरचुरतात, खोकला येतो, ही काय सांगायची गोष्ट, असंच सगळ्यांना वाटायचं. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेचे कर्क स्मिथ आणि अहमदाबादच्या शास्त्रज्ञांनी गुजरातच्या काही खेड्यांत स्वयंपाक करणाऱ्या बायांच्या अंगावर हवा मोजायची यंत्रं अडकवली. चुलीपुढे बसलेली बाई जो धूर श्वासात घेते, तो शहरातल्या धुरापेक्षाही कितीतरी पटींनी जास्त भरला. तेव्हा कुठे जगाच्या कागदावर चुलीचा धूर आला.

१९८३ मध्ये केंद्राने सुधारित चुलींचा कार्यक्रम सुरू केला आणि पुढे दोनच वर्षांत तो देशभर गेला. त्याच्या उद्देशात पहिलं होतं जळण वाचवणं. जंगलं तुटत होती, त्याची काळजी. धूर आणि बाईचे कष्ट त्याच्या मागून. आम्ही यावर वाद घातला. आमच्यातली एक म्हणाली, कारण कुठलंही असो, चूल आली ना? दुसरी म्हणाली, कारण ठरलं की माप ठरतं. ती बरोबर होती, हे पुढे कळतं.

आमच्या गटातल्या मावशी या कार्यक्रमात चुली बांधायच्या. तेव्हा त्या नुकत्या लग्न होऊन आलेल्या. गावात प्रशिक्षण झालं, त्यात त्यांचं नाव घातलं. माती, भुसा आणि शेण कालवायचं, साच्यात बसवायचं, आत भोक कुठून कुठे न्यायचं, वैलाचं तोंड किती, धुराड्याचा पाइप कसा बसवायचा आणि वरती टोपी कशी लावायची, ज्यामुळे वारा धूर परत खाली ढकलणार नाही. प्रत्येक चुलीमागे त्यांना ठरलेली मजुरी मिळायची. चुलीची निम्मी किंमत तरी सरकार द्यायचं, घरवालीने थोडेच पैसे भरायचे. मावशींनी दोन हिवाळ्यांत दोनशेच्या वर चुली बांधल्या. "सायकलवर पाइप बांधून जायचे," त्या सांगतात, "गावात पोरं मागं लागायची."

पण मजुरी फक्त नव्या चुलीची. मातीची चूल म्हणजे दरवर्षी लिंपायला लागते, तोंड तुटतं, पाइप काजळीने भरतो. महिन्या-दीड महिन्याने पाइप झाडावा लागतो आणि त्यासाठी पत्र्यावर चढावं लागतं. बायका चढत नाहीत आणि पुरुषांना वाटतं हे चुलीचं काम आहे. पाइप भरला की धूर घरात, आधीपेक्षा जास्त. मावशींना निरोप यायचे, "या ना, जरा बघून जा." त्या जायच्या. त्याचे पैसे कोणी द्यायचं नाही. त्यांच्या वहीत नवीन चुलींचे रकाने होते, दुरुस्तीचा एकही नव्हता. एका कार्यालयाकडे त्यांची शेवटच्या मोसमाची मजुरी राहिली ती राहिलीच. मग त्यांनी काम सोडलं.

भाकरीची गोष्टही सांगायलाच हवी. आमच्या भागात ज्वारी. भाकरी तव्यावर एका बाजूने भाजली की चुलीच्या तोंडाशी निखाऱ्यावर उभी करायची, तिथे ती फुगते. नव्या चुलीचं तोंड लहान आणि आतला जाळ बंदिस्त. जळण वाचतं खरं, पण भाकरी उभी करायला जागा नाही. तुराट्या आणि पऱ्हाट्या लांबच्या लांब आत सारायची सवय, इथे त्या तोडून घालाव्या लागायच्या. मावशींनी आपल्या मनाने तोंड दोन बोटं मोठं करून दिलं. तपासणीला आलेल्याने "मापात नाही" म्हणून काही चुली नामंजूर केल्या. ज्या नामंजूर झाल्या त्याच जास्त वर्षं वापरात राहिल्या, असं मावशी म्हणतात. हे आम्ही मोजलेलं नाही, पण त्या खोटं बोलणाऱ्या नाहीत.

देशभरात या कार्यक्रमात साधारण साडेतीन कोटी चुली दिल्या गेल्या. नंतर पाहण्या झाल्या, त्यात कितीतरी चुली मोडलेल्या, पाडलेल्या किंवा वापराविना पडलेल्या आढळल्या. २००२ मध्ये केंद्राने कार्यक्रम बंद केला आणि पुढचं राज्यांवर सोपवलं.

त्याच काळात चीनमध्येही चुलींचा कार्यक्रम चालला होता. तिथे १९९२ पर्यंत सुमारे १२ कोटी ९० लाख घरांत सुधारित चुली गेल्या. पण तिथे चुलीचे बहुतेक पैसे घरवाल्यांनीच भरले. सरकारी पैसा बराचसा प्रशिक्षणावर, चूल बनवणाऱ्यांना तयार करण्यावर, जिल्ह्याच्या कचेऱ्यांवर आणि तपासणीवर गेला. चीनचं राज्य निराळं, तिथल्या लोकांना नको म्हणायची किती मोकळीक होती हेही पाहावं लागेल, त्यामुळे सरळ तुलना करणं बरोबर नाही. तरी एवढं खरं, की तिथे पैसा बनवणाऱ्याच्या हाताकडे गेला आणि इकडे तो वस्तूकडे.

आपल्याकडेही कुणी तसं करून पाहिलं नाही असं नाही. पुण्याची आरती ही संस्था, डॉ. आनंद कर्वे यांनी सुरू केलेली. इरावती कर्वे यांचे ते चिरंजीव. सरकारी कार्यक्रम संपल्यावर या संस्थेने चुली बनवणारे कारागीर तयार केले आणि चुली अनुदानाशिवाय, रास्त किमतीला विकायला सुरुवात केली. पैसे देऊन घेतलेली चूल बिघडली तर बाई विकणाऱ्याला गाठते. अनुदानाची चूल बिघडली तर ती कुणाला गाठणार? उसाच्या पाचटापासून कोळसा करण्याचं त्यांचं तंत्रही पश्चिम महाराष्ट्रात बऱ्याच जणींनी पाहिलं असेल. शेतात नुसतं जाळून टाकायचं ते पाचट चुलीत घालण्याजोगं झालं.

दिव्याचं थोडक्यात सांगतो, कारण तिथे आपल्याला तक्रारीला फारशी जागा नाही. २००१ मध्ये ऊर्जा बचतीचा कायदा झाला. २००२ च्या मार्चपासून ऊर्जा दक्षता ब्युरो काम करू लागला. फ्रीजवर, पंख्यावर, पंपावर जे तारे असतात ते २००६ पासूनचे, त्यांचेच. जास्त तारे म्हणजे वीज कमी. घेताना दुकानदाराला तारे विचारा, रंग नंतर. मग २०१५ च्या जानेवारीत उजाला योजना आली. जुना ६० वॅटचा पिवळा बल्ब काढून त्याजागी ७ किंवा ९ वॅटचा एलईडी. सरकारी कंपनीने एकदम कोट्यवधी बल्ब खरेदी केले. २०१४ च्या सुरुवातीला खरेदीत ३१० रुपयांना पडणारा बल्ब दोन-तीन वर्षांत ४० रुपयांच्या आत आला. या योजनेतून ३६ कोटींच्या वर बल्ब वाटले गेले. इथे सरकारने बल्बावर सूट देत बसण्याऐवजी बल्बच स्वस्त करून टाकला. आणि बल्ब ही अशी वस्तू की तो लावायचा आणि विसरायचा. पत्र्यावर चढावं लागत नाही, शेण कालवावं लागत नाही. म्हणून हे काम झटपट झालं असं आम्हाला वाटतं. प्रत्येक गोष्ट बल्बासारखी नसते.

गॅस सिलिंडरची गोष्ट सगळ्यांच्या घरातली आहे. सिलिंडरचा गॅस काही सूर्य-वाऱ्याची ऊर्जा नाही, तेलाच्याच घरातला तो. पण चुलीचा हिशेब त्याच्याशिवाय पुरा होत नाही. १ मे २०१६ ला उत्तर प्रदेशातल्या बलियामध्ये उज्ज्वला योजना सुरू झाली. जोडणीसाठी १,६०० रुपयांची मदत आणि जोडणी बाईच्या नावावर. हे दुसरं आम्हाला मोठं वाटतं. गोबर गॅस गोठ्याच्या मालकाच्या नावावर होता, शेतातला पंप सातबाऱ्यावर नाव असलेल्याच्या. सरकारच्या या कागदावर पहिल्यांदा चुलीपुढे बसणारीचं नाव आलं. आठ कोटी जोडण्यांचा टप्पा २०१९ च्या सप्टेंबरात पूर्ण झाला, तो आपल्या औरंगाबादेत, बचत गटांच्याच मेळाव्यात. आमच्यातल्या दोघी त्या मेळाव्याला गेल्या होत्या. परत येताना गाडी बंद पडली आणि रात्री दोनला घरी पोचल्या, ही त्यांची आठवण जास्त ठळक आहे.

त्याच वर्षी देशाच्या महालेखापरीक्षकांचा अहवाल आला. उज्ज्वलाचं घर वर्षाला सरासरी ३.२१ सिलिंडर घेत होतं. चार-पाच माणसांचा पूर्ण स्वयंपाक गॅसवर झाला तर दीड महिन्यात एक सिलिंडर संपतो, आपल्याला ठाऊक आहे. म्हणजे निम्म्याहून अधिक स्वयंपाक चुलीवरच होता. पुढे अनुदान आलं, २०२२ च्या मे महिन्यात सिलिंडरला २०० रुपये, २०२३ च्या ऑक्टोबरात ३०० रुपये. मधल्या काळात ज्यांच्याकडे एकरकमी पैसे नव्हते त्यांनी शेगडीवर कापड टाकून ठेवलं. जोडण्या मोजल्या, तशा शेगडीवर शिजलेल्या भाकऱ्या कोणी मोजल्या नाहीत. इथेही मापाचीच गोष्ट.

या उलटचं एक उदाहरण मात्र आम्हाला सापडलं. मुंबईच्या आयआयटीने केंद्र सरकारच्या मदतीने शाळेतल्या मुलांसाठी सौर दिव्यांचा प्रकल्प केला. त्यात दिवे जोडायचं काम गावातल्याच लोकांना शिकवलं, पुढे त्यात बचत गटाच्या बायाही आल्या, आणि दुरुस्तीची केंद्रं तिथल्या तिथेच ठेवली. दिवा बिघडला तर पोरगं दिवा घेऊन शेजारच्या गावात जायचं, तालुक्याला नाही. दुरुस्तीचा रकाना सुरुवातीलाच ठेवला होता.

तर आजींचा प्रश्न. आम्ही सूर्यघर योजनेचे नियम वाचून घेतले. सोलर बसवणाऱ्या विक्रेत्याने पाच वर्षं देखभाल करायची आहे, ते त्याच्यावर बंधनकारक आहे. करारावर तसं लिहून घ्यायचं, विक्रेत्याचं नाव-पत्ता आणि बसवल्याची तारीख त्यावर पाहिजे. शेतातल्या सौर पंपालाही अशीच पाच वर्षांची देखभाल आहे. पॅनल चालतं पंचवीस वर्षं, पण त्याच्याजवळ भिंतीवर लावतात ती इन्व्हर्टरची पेटी तेवढी टिकत नाही, मध्ये एकदा तरी बदलावी लागते. तिची आजची किंमत काय, हे बसवायच्या आधीच विचारून ठेवायचं. आणि पॅनलवरची धूळ पुसायला पत्र्यावर चढावं लागतंच. शिडी कुठे ठेवायची आणि चढायचं कुणी, हे घरात आधी बोलून घ्या.

आम्ही हे सगळं आजींना वाचून दाखवलं. त्यांनी बोटं मोजली. "पाच वर्षं तो. मग वीस वर्षं?"

साहेब पुढच्या बैठकीला पुन्हा येणार आहेत. मावशी सोलर दुरुस्तीच्या प्रशिक्षणाची चौकशी करून आल्या आहेत. त्यांचं वय पंचावन्नच्या वर, तिथल्या माणसाने सुनेला पाठवा म्हणून सांगितलं. सून जाईल, मावशीही जाणार आहेत. साहेबांना विचारायचा प्रश्न त्यांनी आमच्याकडून वहीत लिहून घेतला आहे: दुरुस्तीला गेलं तर खेपेमागे किती, आणि ते कोण देणार.